राउटरवर १०० नं सुरू होणारा आयपी दिसतोय? मग हे वाचा

परभणी जिल्ह्यात सेलू, मानवत, पाथरी ह्या पट्ट्यात नेटवर्किंगचं नाहीतर कॅमेऱ्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हल्ली सगळ्यात जास्त फोन कशाचे येतात तर हेच, "दादा, घरी असलं की समदं दिसतंय, बाहेर गेलं की काहीच उघडंना गेलंय." कधी ते डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) असतं, कधी जिनिंगच्या ऑफिसातला टॅलीचा कॉम्प्युटर, कधी एखाद्या हौशी पोरानं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून उभा केलेला फोटोंचा सर्व्हर. आणि बऱ्याच ठिकाणी कुणीतरी व्हिडिओ बघून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं राउटरनं आतल्या ठरावीक मशीनकडं पाठवायची सोय) करून ठेवलेलं असतं, सेटिंग अगदी बरोबर असतं, तरी चालत नाही. मग डीव्हीआर खराब, राउटर खराब, केबलवाला खराब, असं फिरत फिरत ते आपल्याकडं येतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं आणि लिंक पाठवावी.

पहिले एक गोष्ट तपासा. राउटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ वर असतं, आणि स्टेटसमध्ये वॅनच्या (नेटवाल्याकडच्या बाजूच्या) खाली कुठला आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, लिहिलाय ते बघा. मग त्याच वायफायवरून गूगलला माझा आयपी काय म्हणून विचारा. दोन्ही आकडे एकच निघाले तर तुमच्याकडं खरा पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा, आयपी आहे, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल (करावं का ते वेगळं, पुढं येतोच त्यावर). वेगवेगळे निघाले, आणि त्यातून राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला किंवा १० नं सुरू होणारा असला, तर तुम्ही सीजी-नॅटच्या (एकाच पब्लिक आयपीमागं बरीच घरं बसवायच्या नेटवाल्याच्या सोयीच्या) मागं आहात. म्हणजे तुमच्या राउटरमध्ये तुम्ही कितीबी पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, तो नेटवाल्याच्या मोठ्या डब्यावरच अडतो आणि त्या डब्याला हे पॅकेट (डेटाचा तुकडा) कुणाच्या घरचं आहे ते माहीतच नसतं.

ह्यात केबलवाल्याचा तसा दोष नाही बरं का. आयपीव्ही-४ चा, म्हणजे आपल्या नेहमीच्या आयपीचा, पत्ता ३२ बिटचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून ४२९ कोटींच्या आसपासच पत्ते, त्यातले बरेच आधीच राखीव. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले आणि आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचं एप्रिल २०११ मध्येच रेशनिंग सुरू झालं. आपल्याकडं स्वस्त मोबाईल डेटा आला २०१६ ला, फायबर गल्लीबोळात आलं त्याच्याही नंतर, म्हणजे आपण लाईनीत उभं राहायच्या आधीच दुकान रिकामं झालेलं होतं. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये नेटवाल्यांसाठी म्हणून १००.६४ पासूनचे साधारण ४२ लाख पत्ते वेगळे काढून दिले, आतल्या आत वापरायला, आणि एका पब्लिक आयपीच्या मागं कितीतरी घरं बसवायची पद्धत पडली. लोकांना युट्यूब बघायला ह्यानं काही फरक पडत नाही. फरक पडतो तो ज्यांना बाहेरून आत यायचंय त्यांनाच, आणि असे लोक थोडे, म्हणून कुणी तक्रारही फार करत नाही.

स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक, आयपी मागून बघा, काही जण बिझनेस प्लॅनवर जास्तीचे पैसे घेऊन देतात, पण तालुक्याच्या ठिकाणी केबलवाल्याला विचारलं तर "वरून मिळत नाही सर" एवढंच उत्तर येतं बऱ्याचदा. आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी पद्धत हा खरा इलाज आहे, त्यात पत्त्यांची टंचाईच नाही, पण तुमच्या घरी आहे आणि तुम्ही जिथून बघताय तिथं नाही असं झालं की पुन्हा बोंब, आणि राउटरची आयपीव्ही-६ फायरवॉल नीट उघडून देणारा माणूस आपल्या भागात शोधावाच लागतो. त्यामुळं सध्या तरी टनल.

टनलची कल्पना एकदम सोपी आहे. वस्तीवरच्या फोनला इनकमिंग बंद, आउटगोइंग चालू, असं समजा. मग तुम्ही त्याला फोन लावण्यात अर्थच नाही, त्यानंच तुम्हाला लावायचा आणि ठेवायचा नाही, लाईन चालू ठेवून बसायचं, तुम्हाला जे विचारायचं ते त्याच चालू लाईनवर विचारायचं. घरातलं मशीन आतून बाहेर कनेक्शन लावतं, बाहेर जायला सीजी-नॅट कधीच अडवत नाही, आणि ते ज्याला लावतं त्याच्याकडं पब्लिक आयपी असतो. बाहेरचा माणूस त्या पब्लिक आयपीवर येतो आणि आधीच उघड्या असलेल्या कनेक्शनमधून उलट्या दिशेनं आत येतो. एसएसएच, वायरगार्ड, क्लाउडफ्लेअर टनल, टेलस्केल, एनग्रॉक, एफआरपी, ह्या सगळ्या टनलच्या साधनांच्या मुळाशी हेच. फरक फक्त मधला माणूस कोण आणि त्याला तुमचं काय काय दिसतं ह्याचा.

आणि एक सांगू का, तुम्ही ऑलरेडी टनल वापरताय. डीव्हीआरच्या ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की कॅमेरे दिसायला लागतात, कुठलं पोर्ट नाही काही नाही, ते काय आहे मग? डीव्हीआर स्वतः उठून कंपनीच्या सर्व्हरला जाऊन चिकटून बसलेलं असतं, तुमचा मोबाईल पण तिथंच जातो, आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, जमलं तर थेट, नाही जमलं तर सगळा व्हिडिओ स्वतःमधून वाहून. मी ह्याला वाईट म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसाला शेतातल्या गोठ्याचा कॅमेरा बघायचाय तर हेच बरं. फक्त तो सर्व्हर कुठं आहे, कुणाचा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं, आणि डीव्हीआरच्या खाली चिकटवलेला तो सीरियल नंबर आणि बसवणाऱ्यानं ठेवलेला सोपा पासवर्ड ह्या दोनच गोष्टी तुमच्या अंगणात आणि जगात अंतर ठेवून असतात. पासवर्ड तरी बदला बाबांनो.

आता स्वतः करायचं म्हणलं तर सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे एसएसएचचं रिव्हर्स टनल. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम, १९९५ ला फिनलंडच्या तातू यल्योनेननं लिहिलं, त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून, आणि त्याला पोर्ट २२ मिळालं, एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३ ह्याच्या बरोबर मधलं, जे दोन्ही त्याला हटवायचे होते. तर करायचं काय, एखादा स्वस्तातला व्हीपीएस (पब्लिक आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा, शक्यतो मुंबईतला म्हणजे लॅग कमी, आणि घरच्या मशीनवरून त्याला एसएसएच करताना मोठा आर (-R) वाला पर्याय द्यायचा, की बाबा तिकडचं ८०८० पोर्ट म्हणजे इकडचं माझं ८०. झालं. बहुतेक ट्युटोरियल इथं लगेच सांगतात की सर्व्हरवर गेटवेपोर्ट्स चालू करा म्हणजे ते ८०८० सगळ्या जगाला दिसेल. माझं मत असं की ते बंदच असू द्या. डिफॉल्टला ते पोर्ट फक्त त्या व्हीपीएसच्या स्वतःच्याच आत, लूपबॅकवर उघडतं, ते चांगलंच आहे, त्याच्या पुढं कॅडी नाहीतर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा, त्यात एचटीटीपीएस आणि लॉगिन दोन्ही होतं, कॅडी तर सर्टिफिकेट पण आपलं आपण आणून लावतं.

खरा त्रास होतो तो लाईट गेल्यावर. आणि आपल्याकडं लाईट जाते हे काय वेगळं सांगायचं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी लिहिलेल्या ब्लॉगमध्ये हा भाग नसतोच. होतं काय की लाईट गेली, राउटर बंद, घरचं मशीन बंद, पण व्हीपीएसला कुणी सांगितलंच नाही की समोरचा गेला, तो बिचारा तसाच कनेक्शन धरून बसतो, डिफॉल्टला दोन-दोन तास. पाच मिनिटांनी लाईट येते, घरचं मशीन परत जोडायला जातं, आणि व्हीपीएस म्हणतो ८०८० तर आधीच कुणाकडं तरी आहे. आता ह्यातली गंमत अशी की एसएसएच एवढ्यावर बंद पडत नाही, एक वॉर्निंग देतं आणि नुसतं कनेक्ट होऊन बसून राहतं. म्हणजे बघायला गेलं तर टनल चालू, प्रोसेस चालू, सिस्टम-डी (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणारा) पण खुश, आणि आत काहीच येत नाही. ह्याला तीन गोष्टी लागतात, सर्व्हरच्या बाजूला क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० सेकंद ठेवा म्हणजे तीन हाकांना उत्तर आलं नाही की दीड मिनिटात मेलेलं कनेक्शन तो स्वतःच सोडतो, घरच्या बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल तेवढंच, आणि एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर चालू, म्हणजे पोर्ट मिळालं नाही तर एसएसएच गपचूप बसायच्या ऐवजी मरतं आणि सिस्टम-डी त्याला परत उठवतं. ऑटो-एसएसएच (तुटलेलं एसएसएच परत लावणारा प्रोग्राम) वापरा नाहीतर नका वापरू, पण हे तिन्ही लावल्याशिवाय आपल्या भागात रिव्हर्स टनल टिकत नाही. आणि राउटरला तो १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेऊन टाका, लाईट पाच-दहा मिनिटांसाठी जाते तेव्हा कनेक्शन तुटतच नाही. ओएनयू (फायबरचा डबा) वेगळा असेल तर त्याला पण लागतो, आणि घरचं मशीन पण चालू राहिलं पाहिजे, एकालाच लावून काही उपयोग नाही.

वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन मशीनमधली खाजगी वाट) ह्याच्यापेक्षा नवीन, जेसन डोनेनफेल्डचं, मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच आलं. मला हे आवडायचं मुख्य कारण म्हणजे ते ओळख नसलेल्याला उत्तरच देत नाही. चुकीची किल्ली घेऊन कुणी आलं तर नकार पण देत नाही, एकदम शांत, त्यामुळं स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे का नाही हेच कळत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद टाकायला मात्र विसरू नका, कारण युडीपीची (वायरगार्ड ज्या प्रकारची पॅकेटं पाठवतं त्याची) वाट नॅटवाला डबा थोडा वेळ काही गेलं-आलं नाही की पुसून टाकतो, आणि मग बाहेरून तुम्ही कितीही हाका मारा. दुसरं म्हणजे एमटीयू, एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. लक्षण असं की पिंग जातो, लॉगिनचं पान उघडतं, आणि मोठं पान किंवा फोटो आला की सगळं जागीच लटकतं. लोक सर्व्हरमध्ये दोष शोधत बसतात. डिफॉल्ट १४२० असतं, वाटेत कुठं मोबाईलचा डोंगल किंवा अजून एखादं टनल असलं की तेवढं मोठं पॅकेट बसत नाही, १२८० करून बघा, बऱ्याचदा तिथंच सुटतं.

व्हीपीएस नको, लिनक्स नको, अशा लोकांसाठी क्लाउडफ्लेअर टनल. आधी ह्याला आर्गो टनल म्हणायचे, पैसे लागायचे, एप्रिल २०२१ पासून फुकट केलं. स्वतःचं डोमेन लागतं, घरच्या मशीनवर त्यांचा छोटा प्रोग्राम टाकायचा, तो बाहेर त्यांच्या डेटासेंटरला चार कनेक्शन लावून बसतो, एक पडलं तर दुसरं, आणि हे लाईटीच्या बाबतीत एसएसएचपेक्षा खूपच सुखाचं आहे, वरची कुठलीच खटपट नाही. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, एचटीटीपीएस त्यांच्याकडं उघडतं, तुमच्याकडं नाही, म्हणजे ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं खरं पण मधे त्यांना सगळं साध्या अक्षरात दिसू शकतं. दुकानाच्या वेबसाईटला काही वाटत नाही, घरच्या फोटोंचं ज्यानं त्यानं ठरवावं. दुसरं, फुकट प्लॅनवर एका रिक्वेस्टमध्ये १०० एमबीच्या वर अपलोड होत नाही, त्यामुळं फोटो तर छान चढतात आणि लग्नातला मोठा व्हिडिओ काही केल्या चढत नाही. मित्र म्हणायला, "ॲपच भंगार आहे." ॲप चांगलंय, वाट अरुंद आहे.

आणि मग टेलस्केल, जे मी आजकाल बहुतेकांना टाकून देतो. आतून वायरगार्डच आहे, पण किल्ल्या वाटायचं आणि दोन नॅटच्या मागच्या मशीनची गाठ घालायचं काम ते करतं. दोघंही एकाच वेळी एकमेकांकडं युडीपी पॅकेट फेकतात, दोन्हीकडच्या नॅटला वाटतं हे तर आतूनच सुरू झालंय, आणि वाट मोकळी होते. नाहीच झाली तर त्यांच्या रिले सर्व्हरमधून जातं, जरा हळू, पण तिथंही डेटा एन्क्रिप्टेडच राहतो, रिलेला वाचता येत नाही. किल्ल्यांचं काम पण दुसऱ्याकडं नको असं वाटणाऱ्यांसाठी हेडस्केल आहे, ते स्वतःच्या व्हीपीएसवर चालतं. डीव्हीआरमध्ये टेलस्केल टाकता येत नाही म्हणून लोक सोडून देतात, गरज नाही त्याची, घरातल्या एकाच मशीनला सबनेट राउटर करा, ते बाकी सगळ्या घरची वाट दाखवतं. फक्त घरी पण १९२.१६८.१ आणि जिनिंगवर पण १९२.१६८.१ असलं की मोबाईलला कळत नाही कुठल्या १९२ ला जायचं, तर एका ठिकाणचं बदलून १९२.१६८.५० असं काहीतरी करून ठेवा, आणि हे सुरुवातीलाच करा, वीस कॅमेरे लागल्यावर नाही. अजून एक घोळ सांगतो, टेलस्केल पण मशीनला जे पत्ते देतं ते त्याच १०० वाल्या पट्ट्यातले असतात, त्यामुळं मशीनवर १०० चा आयपी दिसला म्हणजे तो नेटवाल्याचा का टेलस्केलचा हे बघून घ्या.

एवढे पर्याय सांगितल्यावर लोक विचारतात की मग भारी कुठलं. मी उलटं विचारतो, आत येणार कोण? मानवतच्या एका जिनिंगवाल्या काकांचं काम आलं होतं, त्यांच्या दिवाणजींना घरून टॅली करायचं होतं, आणि आधीच्या माणसानं सांगितलेलं की रिमोट डेस्कटॉप उघडून देतो, जगात कुठूनबी या. आत येणार किती जण, तर दिवाणजी आणि काका. दोन माणसांसाठी सगळ्या जगाला दार कशाला दाखवायचं? रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे काय हे २०१९ च्या मे मध्ये सगळ्यांनी बघितलंय, ब्लूकीप नावाची चूक निघाली, पासवर्ड न टाकताच आत जाता येत होतं, मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपून वर्षं झालेल्या एक्सपीला सुद्धा पॅच काढावा लागला. आणि आपल्याकडं वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर किती जुनं विंडोज चालतं ते तुम्हाला माहितीच आहे. दोघांच्या मशीनवर टेलस्केल टाकलं, बाहेरून एकही पोर्ट उघडं नाही, काम झालं.

टनल केलं म्हणजे सेफ झालं असं खूप जणांच्या डोक्यात बसलंय. टनल फक्त वाट करून देतं, वाटेवर कोण चालतंय ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. वेडंवाकडं, कुणाला सुचणार नाही असं सबडोमेन ठेवलं तरी काही फायदा नाही, कारण तुम्ही एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट काढलं की ते नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या जाहीर नोंदीत जातं, २०१८ पासून क्रोम त्याशिवाय नवीन सर्टिफिकेट मानतच नाही, आणि त्या नोंदी वाचत बसलेले बॉट तुमच्या मित्रांच्या आधी तुमच्या साईटवर हजर होतात. लॉग उघडून बघा, वर्डप्रेस नसलेल्या मशीनवर वर्डप्रेसचं लॉगिन शोधणारे दिसतील. आयपी स्कॅन करायचं म्हणलं तर २०१३ लाच मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी झेडमॅप हे स्कॅनर काढून दाखवलं की एका चांगल्या कनेक्शनवरून सगळं आयपीव्ही-४ ४५ मिनिटांत पालथं घालता येतं. आणि डीव्हीआरवाल्यांनी २०१६ चं मिराई हे मालवेअर विसरू नये, साठेक डिफॉल्ट युजरनेम-पासवर्डची यादी घेऊन ते कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरायचं, असल्याच डब्यांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) नावाच्या कंपनीचे डीएनएस सर्व्हर (साईटच्या नावावरून पत्ता सांगणारे) झोपवले, ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत उघडंनात. कुणाच्या तरी दुकानातले कॅमेरे होते ते, मालकाला पत्ता पण नाही.

ह्याहून बारीक एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एसएसएच किंवा क्लाउडफ्लेअरच्या टनलमधून आलेला प्रत्येक माणूस घरच्या मशीनला १२७.०.०.१ वरून आल्यासारखा दिसतो, म्हणजे मशीनला वाटतं मीच माझ्याशी बोलायलोय. आता बरेच प्रोग्राम असे असतात की लोकलहोस्टवरून, म्हणजे ह्याच १२७ वाल्या पत्त्यावरून, आलं तर घरचाच माणूस, पासवर्ड विचारायचा नाही. घरात बसून टेस्ट केलं तेव्हा काही प्रॉब्लेम नव्हता, आणि टनल लावल्याबरोबर सगळं जग घरचं झालं! फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम) लावलं असेल तर अजून मजा, कुणी बाहेरून चुकीचे पासवर्ड टाकले की त्याला सगळे एकाच पत्त्यावरचे दिसतात, एकतर तो कुणालाच अडवत नाही नाहीतर सगळ्यांनाच अडवतो. होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवायचा प्रोग्राम) ह्याबाबतीत कडक आहे, प्रॉक्सी (मधला सर्व्हर) कुठली आहे हे कॉन्फिगमध्ये ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये लिहून दिल्याशिवाय सरळ ४०० बॅड रिक्वेस्ट तोंडावर मारतं, लोक वैतागतात, फोरमवर शिव्या घालतात, पण बरोबर करतं ते.

शेतातल्या मोटारीचं पण लई जण विचारतात. थ्री-फेज लाईट पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री, थंडीत रात्री दोनला मोटार चालू करायला जायचं, साप-विंचू, हल्ली बिबट्याची भीती, त्यामुळं हौस नाही ही, गरज आहे. सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर मिळतो, मिस कॉल दिला की मोटार चालू, आणि खरं सांगायचं तर ज्याला फक्त चालू-बंद करायचंय त्यानं तोच घ्यावा, त्यात आयपीचा संबंधच नाही. पण पोरं ईएसपी-३२ ह्या छोट्या वायफाय चिपवर स्वतःचं बनवतात, त्यावर छोटं वेब पेज, आणि मग ते पेज टनलमधून इंटरनेटवर आणायचं म्हणतात. नका करू. त्या चिपला धड एचटीटीपीएस सर्व्हर झेपत नाही आणि ते पेज कुणाला सापडलं तर तुमची मोटार चालू-बंद करत बसेल तो, कोरडी चालली तर रिवाइंडिंगचा खर्च तुमचा. त्याऐवजी एमक्यूटीटी (छोटे निरोप पोचवायची पद्धत) वापरा. १९९९ मध्ये आयबीएमच्या अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीच्या आर्लेन निपर ह्यांनी तेलाच्या पाइपलाईनवर लक्ष ठेवायला सॅटेलाइटच्या महागड्या लाईनसाठी बनवलेलं, म्हणजे रेंज येते-जाते अशा रानासाठी अगदी फिट. चिप स्वतः बाहेर जाऊन ब्रोकरला (निरोप वाटणाऱ्या सर्व्हरला) जोडते आणि हुकमाची वाट बघते, टनलची गरजच उरत नाही कारण कुणाला आत यायचंच नाहीये.

नोकरीवाल्या पोरांना एक सांगायचं राहिलं. हे सगळं शिकल्यावर हात शिवशिवतात, ऑफिसच्या, कॉलेजच्या लॅबच्या, साखर कारखान्याच्या नेटवर्कमधून एखादं टनल काढून घरून काम करावंसं वाटतं, आणि तांत्रिकदृष्ट्या दोन मिनिटांचं काम आहे ते. पण दुसऱ्याच्या नेटवर्कला त्याच्या परवानगीशिवाय भोक पाडणं म्हणजे तिथल्या फायरवॉलला अर्थच राहत नाही, आणि २००० च्या आयटी कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहेत, तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत जाऊ शकतं प्रकरण. आयटीवाल्याला विचारा, लेखी घ्या. तो नाही म्हणाला तर नाही.

जिनिंगच्या काकांनी नंतर अजून एक मागणी काढली, की शेतकऱ्याला आणि दलालाला त्यांच्या गाडीचं वजन आणि आजचा भाव मोबाईलवर बघता आला पाहिजे. आता हे खरंच अनोळखी लोक, त्यांच्या मोबाईलमध्ये काही टाकायला लावता येत नाही, म्हणजे इथं पब्लिक पान पाहिजेच. मला वाटत होतं क्लाउडफ्लेअरचं टनल काट्याच्या कॉम्प्युटरला लावावं, मग विचार केला की लोकांना काट्यापर्यंत येऊ द्यायची गरज काय. काट्यावरची पावती फुटली की एक छोटी स्क्रिप्ट तेवढीच ओळ व्हीपीएसवर ढकलते, आत-बाहेरचं वजन, वेळ, पावती नंबर, बस, आणि पान व्हीपीएसवरच आहे. जिनिंगची लाईट गेली तरी आधीच्या पावत्या दिसत राहतात, हे काकांना सगळ्यात जास्त आवडलं. पावती नंबर ओळीनं न ठेवता मागं चार आडवीतिडवी अक्षरं लावलीत, नाहीतर एकानं आपला नंबर एकनं वाढवून शेजारच्याच्या कापसाचं वजन बघितलं असतं, आणि गावात हे होणारच.

तुम्ही काहीही लावलं तरी तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरून तपासा, घरच्या वायफायवरून उघडलं म्हणजे बाहेरून उघडतं असं नाही. आणि मग लॉगआउट करून इन्कॉग्निटोमध्ये तेच पान परत उघडा, पासवर्ड विचारतंय का ते बघा.